ओर्लीनाची वाकडी चाल

जन्मभर साथीशिवाय गाणाऱ्या ओर्लीना कॉडलच्या नव्या अल्बममध्ये ड्रम वाजतो ही बातमी आमच्या खोऱ्यात पसरली आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्याला शांतता अशी राहिली नाही. ज्याला अंगणापर्यंत चालवत नाही तोसुद्धा काठी टेकत येऊन विचारून गेला, "काय गं, आता रेडिओवरचं ते कंट्री संगीत गाणार म्हणे?" विचारण्याचा सूर असा, की जणू ती दुसरं लग्न करायला निघाली होती.

चर्चमधल्या बायकांना वाटलं, नावाला भुलली. उत्तरेकडच्या लोकगीतवाल्यांना वाटलं, कुणीतरी तिला फसवलं. तिकडे दर वर्षी पानगळीच्या दिवसांत मोठा महोत्सव भरवणाऱ्या मिसेस व्हिटकॉम यांनी तर फोन करून दुखवटाच पाळला.

"आम्हाला तुमचा नुसता आवाज हवा होता, ओर्लीना. मागे काही नाही, पुढे काही नाही. ते फार निखळ होतं हो."

"बाई, निखळ दूध असतं," ओर्लीना म्हणाली. "मी शाळेत तीनशे पोरांचा स्वयंपाक करते. माझ्यात निखळ काय उरलंय?"

शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या जोडीला ग्लेना होती. ग्लेनाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मत नाही असं कधी झालं नाही. "तेलही जाणार, तूपही जाणार आणि हाती धुपाटणं राहणार," बटाटे सोलता सोलता ती म्हणाली. "लोकगीतवाले तुला टाकतील, आणि कंट्रीवाल्यांना कमरेत बारीक पोरी लागतात. तुझी कंबर बघितलीस का?"

"बघितली. तुझ्या शेजारी उभी असते तेव्हा बरी दिसते."

सगळ्यांचा प्रश्न एकच, का? ओर्लीनाने प्रत्येकाला वेगळं कारण दिलं. एकाला सांगितलं, वयाने आवाज बसलाय, आधार हवा. दुसऱ्याला सांगितलं, अल्बम काढणाऱ्यांची इच्छा. तिसऱ्याला नुसतंच हौस म्हणून सांगितलं. खरं कारण निळ्या व्हॅनमध्ये रेडिओ लावून बसलेलं असायचं, आणि ते तिने ग्लेनालाही सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा डेंझिल कॉडल हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं बोलायला मोकळीक राहते. जन्मभर कोळशाचे ट्रक चालवले, दारू बेताची, हात उगारणं माहीत नाही. ओर्लीना गावोगाव गायला जाऊ लागली तेव्हापासून तिला नेण्या-आणण्याचं काम त्याने घेतलं, आणि एकदाही कुरकुर केली नाही. बर्फ असो, घाट असो, ती वेळेवर पोचायची. पण पोचली की हा गाडीतच. आत मंडळी जमायची, दिवे लागायचे, ती स्टेजवर जायची, आणि नवरा बाहेर व्हॅनमध्ये बोलोन्या सॉसेजचं सँडविच खात कंट्रीचा रेडिओ ऐकत बसलेला. गाणं आटोपून ती बाहेर आली की दार उघडायच्या आधीच कुणातरी पुरुषाचा रडका आवाज आणि त्यामागे कण्हणारी स्टील गिटार ऐकू यायची.

पहिली काही वर्षं तिने विचारलं. "आत का येत नाहीस?"

"गाडीजवळ कुणीतरी हवं."

"ही मॅसॅच्युसेट्समधल्या मेथॉडिस्ट चर्चची जागा आहे, डेंझिल. इथे गाडी कोण चोरणार, पाद्री?"

"सांगता येत नाही," असं म्हणून तो गाडी चालू करायचा. हळूहळू तिने विचारणं सोडलं. बाहेरची माणसं दूरदूरहून येऊन तिचं गाणं ऐकून डोळे पुसतात आणि घरच्याला त्याचं काही नाही, याचा सल मात्र सुटला नाही. शेवटी तिने मनाशी ठरवलं, की गाढवाला गुळाची चव कळत नसेल तर गाढवाला कळेल असं काहीतरी करू. त्याला स्टील गिटार आवडते ना, मग असू दे स्टील गिटार. त्याला ड्रम लागतो, तर ड्रम. एकदा, एकदाच, त्याने बसून शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे. नव्या अल्बममागे एवढंच होतं. मिसेस व्हिटकॉमना हे सांगून काय कळणार होतं?

आता यात अडचण अशी होती, की ओर्लीनाची चाल वाकडी होती.

तिचे वडील, ब्रदर आयरा, ओढ्याकाठच्या जुन्या बाप्टिस्ट चर्चमध्ये ओळ टाकायचे. आमच्याकडे चर्चमध्ये पेटी नाही, गिटार नाही, काही नाही. पुढच्याने भजनाची एक ओळ झरझर म्हणायची आणि बाकीच्यांनी तीच ओळ झील धरल्यासारखी मागून ओढायची, पण किती सावकाश, तर कढईतला काकवीचा पाक ओघळावा तशी. प्रत्येकाचा वेग वेगळा, प्रत्येकाचा श्वास वेगळा. कोपऱ्यातल्या शेवटच्या म्हातारीचा श्वास संपेपर्यंत पुढच्याने थांबायचं, मगच दुसरी ओळ. "ज्याला थांबता येत नाही त्याने ओळ टाकू नये," असं आयरा म्हणायचे. चर्चमध्ये बायकांनी ओळ टाकायची पद्धत नाही, म्हणून ओर्लीना लहानपणी पडवीत कोंबड्यांपुढे टाकायची, आणि कोंबड्यांसाठीसुद्धा थांबायची.

ते थांबणं तिच्या अंगात मुरलं. पुढे ती स्वतः गाणी रचू लागली, बंद पडलेल्या खाणीची, पुरात गेलेल्या पुलाची, आईची, तरी प्रत्येक ओळीच्या शेवटी ती थांबायचीच. कधी कमी, कधी जास्त. एकटी गात होती तोवर कुणाचं काही अडलं नाही. लोकगीतवाले तर त्या थांबण्यावरच खूश असायचे, त्यात त्यांना काहीतरी खोल दिसायचं. पण ड्रमला खोल-उथळ कळत नाही. त्याला मोजलेलं लागतं.

नॅशव्हिलच्या स्टुडिओत पहिल्याच दिवशी तमाशा झाला. टोबिन नावाचा गुणी माणूस सगळं जुळवत होता, स्वभावाने इतका नम्र की त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. ड्रमवाला मात्र मुरलेला. आईचं गाणं चालू होतं. ओर्लीनाने पहिली ओळ म्हटली, "दार लोटून घे गं आई, वारा सुटला," आणि थांबली. ड्रम पुढे गेला. ती मागे राहिली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"बाई, ओळीच्या शेवटी तुम्ही कुठे जाता?"

"कुठे जाणार? इथेच उभी आहे."

"मग मोजा की. चार झाले की या."

"चार कुणी ठरवले?"

"नाचता येईना अंगण वाकडं," तो स्टील गिटारवाल्याच्या कानात पुटपुटला. त्याच्या समोरचा माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांनीच ऐकलं. टोबिनचे कान लाल झाले. ओर्लीनाने पर्स उचलली, बाहेर आली, आणि व्हॅनमध्ये बसून सरळ घरी चल म्हणाली. डेंझिलने काही विचारलं नाही. त्या वेळी त्याने विचारलं असतं तर पुढचं बरंच रामायण टळलं असतं, पण हा माणूस विचारेल तर ना.

घरी येऊन दोन दिवस ती धुमसली, आणि मग तिने कंबर कसली. शाळेच्या स्वयंपाकघरात ग्लेना पातेल्यावर पळी आपटायची आणि ओर्लीना मोजून गायची. एक, दोन, तीन, चार, ये. एक, दोन, तीन, चार, ये. जेवणाच्या रांगेतली पोरं माना डोलवायची.

"गेलीस परत," ग्लेना ओरडायची. "थांबतेस कुणासाठी? बस सुटली तुझी."

साठीला टेकलेल्या बाईने श्वास घ्यायची सवय बदलायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. डाव्या हाताने लिहायला शिकण्यासारखं ते होतं. गाताना तिला आपण कुणाच्या तरी तोंडावर दार लावून घेतोय असं वाटायचं. तरी ती शिकली. पुन्हा नॅशव्हिलला गेली तेव्हा सगळी गाणी सरळ रेषेत गाऊन दाखवली. ड्रमवाल्याने मान हलवली आणि मागचं बोलणं पोटात घाला म्हणाला. स्टील गिटारवाल्याने आईच्या गाण्यात असं काही वाजवलं, की तिने ते पुन्हा एकदा वाजवून घेतलं. आता कुठे जाईल हा, असं तिला वाटलं. हा म्हणजे अर्थात बाहेर गाडीत बसलेला.

अल्बमची खोकी घरी आली तो रविवार होता. तिने डेंझिलच्या आवडीचं सगळं केलं, मंद आचेवर शिजवलेला घेवडा, कॉर्नब्रेड, बरणीतला कोबीचा लोणच्यासारखा चाऊ-चाऊ. जेवण झाल्यावर सहज आठवल्यासारखं करून तिने एक प्रत त्याच्यापुढे सरकवली. घरातलं वाजवायचं यंत्र केव्हाच मेलं होतं, म्हणून तो उठून व्हॅनमध्ये गेला. ही पडवीत शेंगांच्या शिरा काढत बसली. शिरांबरोबर शेंगाही टाकत होती, लक्ष कुठे होतं?

सगळी गाणी होतील एवढा वेळ गेला. डेंझिल खाली उतरला, पुढे गेला, व्हॅनचं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

तिने वाट पाहिली. शेवटी तीच मांडीवरचं भांडं तसंच धरून अंगणात उतरली.

"मग?"

"तेल कमी झालंय."

"डेंझिल."

"स्टील चांगली वाजवलीय. मोठा हात आहे त्याचा."

"आणि?"

"बरं आहे सगळं."

"बरं? डॉक्टरला सांगतोस का? मी विचारतेय काय, तू बोलतोयस काय."

त्याने फडक्याला हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. "आईचं गाणं," तो म्हणाला. "त्यात मी कुठे यायचं?"

"तू? कुठे म्हणजे?"

"ओळ संपते तिथे. तू थांबतच नाहीस. माझी अर्धीसुद्धा होत नाही तोवर तू पुढे पळतेस."

"तुझी कसली अर्धी?"

मग त्या माणसाने इंजिनकडे बघत बघत सांगितलं. बायकोकडे बघून सांगणं त्याला जमण्यातलं नव्हतं. आत ती गात असते. उकडतं म्हणून ते लोक दार उघडं ठेवतात. नसेल उघडं तरी भिंतीतून येतं. तो काच खाली करतो. ती ओळ टाकते, थांबते, आणि तो मागून म्हणतो, ब्रदर आयरांच्या मागे म्हणायचा तशी. सगळी गाणी. सगळी वर्षं.

"आणि तो रेडिओ?"

"तो तू यायच्या वेळेला लावतो."

ओर्लीना एकदम उसळली. "अरे, मग आत का नाही मेलास? घसा कोरडा पडला माझा तुला बोलावून बोलावून."

"आलो होतो एकदा. अगदी पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा. तू म्हणालीस मागे थांब, पण मी नवा शर्ट घातला होता, म्हणून जाऊन बसलो आत." तो थांबला. ती ओळ टाकल्यानंतर थांबायची तेवढा. "तू ओळ टाकलीस आणि थांबलीस. मी म्हटली मागून. आपल्याकडे म्हणतात तशी. मला काय ठाऊक, तिथे कुणी म्हणत नाही ते? मी एकटाच. सगळा हॉल वळून बघायला लागला. एका बाईने ओठावर बोट ठेवलं. श्वास अर्धा झाला होता माझा, मध्येच तोडता येईना."

"आणि मी?"

"तू थांबलीस. मी गप्प होईपर्यंत. मग गेलीस पुढे."

तिच्या हातातलं भांडं कलंडलं. तिला आठवलं. डोळ्यांवर दिवे होते, समोरचं काही दिसत नव्हतं, आणि अंधारातून कुणीतरी बैलासारखं हंबरलं होतं. कुणी दारुडा घुसला असावा असं वाटून ती तो शांत व्हायची वाट बघत उभी राहिली होती. पहिल्या कार्यक्रमातला दारुडा. तो किस्सा तिने किती घरी, किती पंगतींत रंगवून सांगितला होता, हंबरण्याची नक्कल करून, आणि डेंझिल तिथेच बसून कॉर्नब्रेडचा तुकडा मोडत असायचा.

"एका शब्दाने बोलला नाहीस," ती म्हणाली.

"तू हसत होतीस. लोकही हसत होते. कशाला मोडायचं?"

तिला इतकं वाईट वाटलं, की तिने मूठभर शेंगा उचलून त्याच्या अंगावर फेकल्या. "मी हे सगळं तुझ्यासाठी केलं, मूर्ख माणसा. ड्रम तुझ्यासाठी. त्या ग्लेनाची बोलणी खाल्ली तुझ्यासाठी. वडिलांनी शिकवलेलं थांबणं मोडलं, ते कुणासाठी?"

"माझ्यासाठी?" डेंझिल खरोखरच चकित झाला. "मला कंट्री आवडतं. पण ते त्यांचं त्यांनी गावं. तू कशाला?"

खोकी भरून आली होती, आता काही बदलता येणार नव्हतं. अल्बम निघाला. गंमत म्हणजे चांगला चालला. आमच्या रेडिओवर लागला, माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये शनिवारी जोडपी त्यावर नाचली, आणि ग्लेना पळीचं श्रेय मागत फिरली. त्या पानगळीत मिसेस व्हिटकॉमनीही बोलावणं धाडलं. लोकांना बघायचंच होतं, ही बाई किती बिघडली ते. ओर्लीनाने टोबिनच्या वाजवणाऱ्यांना बरोबर घेतलं आणि आईच्या गाण्यापुरते हात मांडीवर ठेवा म्हणून ड्रमवाल्याला बजावलं.

जाताना रस्त्यात ती डेंझिलला म्हणाली, "मी ओळ टाकीन आणि थांबेन."

"थांब की. मी गाडीतून म्हणेन."

"गाडीतलं मला ऐकू येत नाही. इतकी वर्षं आलं का? तू आत येईपर्यंत थांबेन."

"हट्ट करू नकोस, ओर्लीना. ते लोक बघतात."

"बघू देत. मी उभी राहीन. सकाळ झाली तरी."

त्याने पेट्रोल भरायला गाडी वळवली.

हॉल भरला होता. सरळ चालीची गाणी झाली, लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मग आईचं गाणं आलं. ड्रमवाल्याने हात मांडीवर ठेवले. ओर्लीनाने ओळ टाकली, "दार लोटून घे गं आई, वारा सुटला," आणि थांबली.

पुढच्या रांगेतल्या एका माणसाने यातही काहीतरी खोल आहे असं समजून डोळे मिटले. ती थांबलेलीच. कुणी खोकलं. कुणाला वाटलं संपलं, त्याने दोन टाळ्या वाजवल्या आणि ओशाळून हात खाली घेतले. मिसेस व्हिटकॉम जागेवरून अर्धवट उठल्या. स्टील गिटारवाला बुटांकडे बघू लागला. ओर्लीनाचे गुडघे दुखत होते आणि मनात ती नवऱ्याला ठेवणीतल्या शिव्या देत होती, पण हलली नाही.

मागचं दार उघडलं. डेंझिल टोपी हातात धरून भिंतीला चिकटून उभा राहिला. त्याने मान खाली घातली आणि ओळ घेतली. आवाज भसाडा, सुरापेक्षा अर्धी पायरी खाली, आणि सावकाश तर इतका, की दार लोटायच्या आधी वारा पडून जावा. सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेतल्या एका बाईने त्याच्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. डेंझिलचा आवाज मध्येच तुटला.

"अहो बाई, पुढे बघा," ओर्लीना माइकवरून म्हणाली. ताट सांडून पळणाऱ्या पोराला दरडावायचा तो आवाज होता. "तो माझा नवरा आहे. त्याची ओळ व्हायचीय अजून."

बाईने बोट खाली घेतलं.

"पहिल्यापासून म्हण," ती डेंझिलला म्हणाली. "आणि घाई करू नकोस, मी थांबलेय."

डेंझिलने घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.